चूक टांकसाळीची की आपली?

मार्चमधल्या एका सकाळी मामाचा फोटो आला. तळहातावर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं, जरासं हललेलं, आणि खाली निरोप: "सालाच्या खाली काहीच खूण नाही. मिंट एरर आहे म्हणतात. पाच लाखांना जातं. तू बघून सांग."

मामा एसटीत कंडक्टर होता. तीसेक वर्षं त्याच्या चामडी बॅगेतून नाणी येत-जात राहिली. त्यातलं एखादं वेगळं दिसलं की तो स्वतःच्या खिशातले पैसे बॅगेत टाकायचा आणि ते नाणं घरी आणायचा. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ती सगळी साठली. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलो की आम्ही भावंडं तो डबा सतरंजीवर ओतून बसायचो.

मी त्या दिवशी कामाला निघायच्या घाईत होते. एक ओळ लिहिली: "मामा, फसवणूक आहे, नादी लागू नकोस." आणि विसरून गेले.

तीन आठवड्यांनी मामीचा फोन आला. नाणं विकत घेणाऱ्या माणसाने आधी नोंदणी फी मागितली, मग कर, मग पार्सलचा विमा. असे तीन वेळा मिळून साडेअठरा हजार रुपये गेले होते. रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह छापलेलं एक पत्रही त्याने पाठवलं होतं. अशा प्रकारांबद्दल रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच लोकांना सावध केलं होतं: जुनी नाणी आणि नोटा यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. पण ते पत्रक मामापर्यंत पोचलं नव्हतं.

मी जरा चिडूनच म्हणाले, "मी सांगितलं होतं ना?" त्यावर मामा शांतपणे म्हणाला, "तू नाही म्हणालीस. का नाही, ते कुठे सांगितलंस? त्या माणसाने निदान कारण तरी सांगितलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तुटलेले, झिजलेले धातूचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते कशाने तुटले हे शोधणं, हा माझा रोजचा व्यवसाय आहे. ऑफिसात मी कारण दिल्याशिवाय एक वाक्य लिहीत नाही. आणि घरच्या माणसाला मात्र निकाल दिला, तोही बिनकारणाचा. शिवाय माझा निकाल अर्धवटच होता. कारण टांकसाळीत चुका होतात, चुकलेली नाणी बाहेर येतात आणि काहींना खरोखरच प्रचंड किंमत मिळते. १९४७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत एक सेंटचं असं नाणं मिळालं होतं. जानेवारी २०१९ मधल्या लिलावात ते २ लाख ४ हजार डॉलरला गेलं. मग मामाने आशा धरली तर त्याचं काय चुकलं?

माझं म्हणणं असं आहे: "हे सगळं थोतांड आहे" असं सांगून आपण कुणालाही वाचवत नाही. नाण्यातली चूक ओळखायची एक पद्धत आहे. ती शास्त्रीय आहे, बरीचशी घरबसल्या करता येते आणि दहावी झालेल्या कुणालाही समजते. ती शिकवणं हे आपलं काम आहे. म्हणून हा लेख.

आधी नाणं कसं बनतं ते पाहू

धातूच्या लांब पट्ट्यातून गोल चकत्या कापल्या जातात. जिरेसाळ तांदळाच्या पिठाच्या पोळीतून वाटीने पुऱ्या कापाव्यात, तसंच. मग त्या चकतीची कड एका यंत्रात दाबून किंचित उचलली जाते. ही कोरी चकती दोन डायच्या मध्ये येते. डाय म्हणजे पोलादी ठसा. चकतीभोवती कॉलर नावाचं एक पोलादी कडं असतं, त्यामुळे दाब पडल्यावर धातू बाजूला पसरत नाही. एक दणका, आणि नाणं तयार. आधुनिक यंत्र मिनिटाला अशी शेकडो नाणी पाडतं.

म्हणजे चूक तीनच ठिकाणी होऊ शकते: चकतीत, डायमध्ये किंवा दणक्यात. चकती अर्धवट कापलेली असेल किंवा भलत्याच धातूची असेल. डायला तडा गेला असेल, तो झिजला असेल किंवा घडवतानाच चुकला असेल. किंवा दणका बसताना चकती जागेवरून सरकली असेल. चौथी शक्यता म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडल्यावर नाण्याचं जे काही झालं ते. त्याला चूक म्हणत नाहीत, इजा म्हणतात.

म्हणून विचित्र नाणं हातात आलं की "याचे किती मिळतील?" हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न: "हे कुठल्या पायरीवर, कसं झालं असेल?" याचं उत्तर देता येत नसेल, तर ती चूक असल्याचा दावा तिथेच लटका पडतो.

उंच की खोल?

सगळ्यात उपयोगी कसोटी अगदी साधी आहे. डाय ही नाण्याची उलटी प्रतिमा असते. नाण्यावर जे वर आलेलं दिसतं, ते डायमध्ये खोल कोरलेलं असतं. त्यामुळे डायवर ओरखडा पडला किंवा तडा गेला, तर नाण्यावर तिथे धातूची *उंच* रेघ येते. नाण्यावर *खोल* गेलेली रेघ दिसली, तर जवळजवळ नेहमीच ती बाहेर कुणीतरी, कशाने तरी ओढलेली असते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने पडणारा दिवा, एवढ्यावर हे ठरतं. उंच रेघेची सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते. खोल रेघेत दिव्याकडचा काठ काळा दिसतो.

याचं सुरेख उदाहरण म्हणजे १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पडलेलं तीन पायांच्या गव्याचं नाणं. अमेरिकेच्या पाच सेंटच्या त्या नाण्यावर बायसन असतो. दोन डायच्या मध्ये चकती नसतानाच दणका बसला की एका डायची खूण दुसऱ्यावर उमटते. ती घालवायला डाय घासून काढतात. हा डाय घासताना जास्त घासला गेला आणि बायसनचा पुढचा उजवा पाय नाहीसा झाला, खूर तेवढा राहिला. या नाण्याला चांगली किंमत येते असं कळल्यावर लोकांनी साध्या नाण्यांवरचे पाय खरवडून काढायला सुरुवात केली.

खरं आणि खोटं कसं ओळखायचं? अस्सल नाण्यावर बायसनच्या पोटाखालून जमिनीपर्यंत बारीक *उंच* ठिपक्यांची ओळ दिसते. ती त्या डायच्या खराब झालेल्या पृष्ठभागाची निशाणी आहे. खरवडून काढलेल्या नाण्यावर ती येणार नाही, कारण खरवडून धातू कमी होतो, वाढत नाही. नकली करणाऱ्याने पाय काढला, पण त्या डायचा इतिहास त्याला नाण्यावर आणता आला नाही.

दुहेरी छाप: सारखं दिसतं, पण कारण वेगळं

"अक्षरं दोनदा छापली गेली आहेत" हा दावा सगळ्यात जास्त ऐकू येतो. या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध नाणं म्हणजे १९५५ चं लिंकन सेंट. त्या काळी मूळ ठशावरून डाय बनवताना तो एकाहून अधिक वेळा दाबावा लागे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका डायच्या बाबतीत दुसऱ्या वेळी ठसा किंचित फिरून बसला. त्यामुळे साल, 'लिबर्टी' आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट' ही अक्षरं त्या डायवरच दोनदा उमटली. चूक लक्षात येईपर्यंत हजारो नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली होती. सगळी वेगळी काढण्यापेक्षा ती तशीच बाहेर सोडण्यात आली. आज या नाण्याला हजार डॉलरहून जास्त मिळतात.

आणि त्याच सालाच्या इतर सेंटवर फक्त शेवटचा ५ दुहेरी दिसतो. त्याला संग्राहक 'गरिबाचा दुहेरी छाप' म्हणतात. तो डाय झिजल्यामुळे येतो. हजारो दणके खाऊन डायचे काठ पसरतात आणि अक्षराभोवती भुताटकीसारखी एक सावली येते. साल तेच, नाणं तेच, दोन्हींवर दुहेरी आकडा. एकाची किंमत हजारात आणि दुसऱ्याची जवळजवळ काहीच नाही. फरक कारणात आहे.

तिसरा प्रकार तर आणखी साधा. दणका बसल्यावर डाय किंचित थरथरला, तर ताज्या अक्षराचा काठ तो चेपत जातो. इथे ओळखायची खूण अशी: डायमध्येच दुहेरीपण असेल, तर अक्षरं एकंदरीत *रुंद* होतात, कोपऱ्यांत खाच दिसते आणि दोन्ही प्रतिमा गोलाईदार असतात. थरथरल्यामुळे झालं असेल, तर मूळ अक्षर उलट *अरुंद* होतं आणि बाजूला पायरीसारखा एक सपाट, चकचकीत कट्टा दिसतो.

कारण समजलं की भाकीतही करता येतं, आणि इथेच हा छंद मला विज्ञानाच्या फार जवळचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९६९ च्या दुहेरी छापाच्या सेंटचं पाहा. त्या काळी टांकसाळीची खूण, म्हणजे 'एस' हे अक्षर, डाय तयार झाल्यावर हाताने वेगळं ठोकत. मग ठसा फिरल्यामुळे अक्षरं दुहेरी झाली असतील, तर 'एस' मात्र एकेरीच असायला हवा. आणि अस्सल नाण्यावर तो एकेरीच आहे! 'एस'सुद्धा दुहेरी दिसत असेल, तर ती थरथर. याच नाण्याची आणखी एक गोष्ट: त्याच सुमारास १९६९ च्या सेंटचे बनावट दुहेरी छाप बाजारात आले होते. त्यामुळे सुरुवातीला अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने काही अस्सल नाणीही नकली समजून जप्त केली. ती अस्सल असल्याचं नंतर मान्य झालं. सरकारी तपासनीसही चुकतात, त्यामुळे "मोठ्या माणसाने सांगितलं" हा पुरावा इथेही पुरत नाही.

चूक एका बाजूला, पुरावा दुसऱ्या बाजूला

पट्ट्यातून चकती कापताना आधीच्या भोकावर कापणी आली, तर चकतीला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. असं कडेला चावलेलं नाणं कानशीने घरीही बनवता येतं. मग खरं कोणतं?

उत्तर शोधायला चावलेल्या जागेकडे पाहू नका. बरोबर समोरच्या कडेकडे पाहा. मघाशी म्हटलं की चकतीची कड यंत्रात दाबून उचलली जाते. हा दाब समोरासमोरच्या दोन बाजूंनी पडतो. एका बाजूला धातूच नसेल, तर तिच्या समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही. म्हणून अस्सल चावलेल्या नाण्यावर बऱ्याचदा समोरची कड पुसट, दबलेली असते. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. कानशीने नाणं कापणाऱ्याला समोरची कड आठवतही नाही.

डोळ्यांपेक्षा तराजू बरा

पिट्सफील्डच्या त्या मुलाचं नाणं होतं १९४३ चं. त्या वर्षी युद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून अमेरिकेने सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. आधीच्या वर्षाच्या काही काशाच्या चकत्या टांकसाळीत उरून राहिल्या आणि त्यांच्यावरही १९४३ चा छाप बसला. पोलादी सेंट २.७० ग्रॅमचा आणि लोहचुंबकाला चिकटणारा. काशाचा ३.११ ग्रॅमचा आणि न चिकटणारा. लोकांनी पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून पाहिला, पण तो फ्रिजवरच्या चुंबकालाही फसवू शकत नाही. काहींनी १९४८ च्या सेंटमधला ८ कापून त्याचा ३ केला. तो वजनात आणि चुंबकाच्या परीक्षेत पास होतो, पण भिंगाखाली त्या ३ चा आकारच वेगळा दिसतो. म्हणून एका कसोटीवर थांबायचं नाही.

याच्या उलट उदाहरण आहे १९८२ चं. त्या वर्षी सेंट तांब्याच्या मिश्रधातूऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताचा होऊ लागला. वजन ३.११ वरून २.५ ग्रॅमवर आलं. डेन्व्हरच्या टांकसाळीचे लहान आकड्यांचे सेंट सगळे जस्ताचेच असायला हवे होते. २०१६ मध्ये एका संग्राहकाला त्यातला एक ३.१ ग्रॅमचा सापडला. पाहायला तो इतर कोट्यवधी सेंटसारखाच. चौतीस वर्षं लोकांच्या हातून तो गेला आणि कुणाला काही वेगळं वाटलं नाही, कारण कुणी तो तोललाच नाही.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट मनात ठेवा. विचित्र दिसणारं नाणं बहुधा सामान्य असतं, आणि दुर्मिळ नाणं कधी कधी अगदी सामान्य दिसतं.

नियम माहीत नसेल, तर चूक कशी कळणार?

आता मामाच्या नाण्याकडे येऊ. भारतीय नाण्यांवर सालाच्या खाली टांकसाळीची खूण असते. मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. आणि कोलकात्याची खूण? काहीच नाही. खूण नसणं हीच तिची ओळख. मामाचं 'पाच लाखांचं' नाणं कोलकात्याला पडलेलं साधं एक रुपयाचं नाणं होतं. हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. एवढी दोन वाक्यं लिहिली असती, तर साडेअठरा हजार वाचले असते.

आपल्यासारख्या देशाबाहेर राहणाऱ्यांची फसगत दुसऱ्या दिशेने होते. खिशातला क्वार्टर घ्या आणि पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटा. मागची बाजू डोक्यावर उभी दिसेल. भारतीय नाणं तसंच उलटलं तर मागची बाजू सरळ दिसते. म्हणजे अमेरिकी टांकसाळ चुकली का? नाही, तिथली पद्धतच तशी आहे. इथे आलेल्या एका मित्राने पहिल्याच महिन्यात असा एक डबाभर 'चुकलेले' क्वार्टर साठवले होते. त्याला अजून चिडवतो आम्ही.

आणि शिवराई? छत्रपती शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं. पण संपूर्ण मजकूर आलेली शिवराई क्वचितच मिळते. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि छाप हातोड्याने मारलेला. अर्धं अक्षर बाहेर जाणं ही त्या पद्धतीतली नेहमीची गोष्ट. तिला 'ऑफ सेंटर एरर' म्हणून दुप्पट भावाने विकणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड. मॅथ्यू बोल्टनच्या सोहो इथल्या वाफेच्या यंत्रांवर १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली गेली. त्यांतलं एखादं असं सरकलेलं मिळालं, तर मात्र थांबून पाहायला हवं. चूक म्हणजे नियमापासून ढळणं. जिथे नियमच सैल होता, तिथे त्याच ढळण्याला अर्थ उरत नाही.

शक्यता कुठली जास्त?

टांकसाळीच्या यंत्रात नाणं सेकंदाच्या एका अंशापुरतं असतं. बाहेर ते वीस-तीस वर्षं फिरतं. रेल्वेच्या रुळावर ठेवलं जातं, दरवाज्याच्या फटीत चेपतं, सोनाराकडे त्याला कडी लागते आणि पुढे निघते, शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लात पडतं. इथे अमेरिकेत तर कपडे वाळवण्याच्या यंत्रात अडकून महिनोन्महिने घरंगळणारी नाणी असतात. त्यांची कड ठोकली जाऊन आत वळते, नाणं लहान आणि जाड होतं, अक्षरं कडेला भिडतात. दिसायला अगदी टांकसाळीची चूक!

म्हणून काहीही माहीत नसताना सुरुवात 'ही इजा आहे' इथूनच करायची. संशोधनातही आम्ही हेच करतो: नवा परिणाम दिसला की आधी उपकरण तपासतो. चूक असल्याचं ओझं दावा करणाऱ्यावर. पण ते ओझं पेलणारा पुरावा समोर आला, तर मान्यही करायचं. ही दुसरी अर्धी बाजू आपण शिकलेली माणसं सोयीस्करपणे विसरतो.

एक कळकळीची विनंती: नाणं तपासायच्या आधी चिंचेने, लिंबाने किंवा भांड्याच्या पावडरीने घासू नका. वर सांगितलेला प्रत्येक पुरावा पृष्ठभागावर आहे. घासलंत की साक्षीदारच गेला. अस्सल नाण्याची किंमतही घासल्याने पडते.

मग आपण काय करायचं?

काही वाचक म्हणतील, एवढं शिकवून लोक आणखी नादी लागतील, त्यापेक्षा "लांब राहा" हेच बरं. मला ते पटत नाही. नुसती मनाई ऐकलेला माणूस पुढच्या गोड बोलणाऱ्यासमोर तितकाच उघडा असतो. ज्याला कारण माहीत आहे, तो समोरच्याला उलट प्रश्न विचारतो: "ही चूक कुठल्या पायरीवर झाली? वजन किती? समोरची कड कशी आहे?" ठकाकडे याची उत्तरं नसतात. आणि खरा खरेदीदार विकणाऱ्याकडूनच आगाऊ पैसे मागत नाही, हे तर कुठल्याही बाजारात खरं आहे.

अलीकडे नाण्यांवरचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांत आधी किंमत सांगतात आणि मग नाणं दाखवतात. आपण हा क्रम उलटवायला हवा. आधी नाणं, मग कारण, मग पुरावा. किंमत सगळ्यात शेवटी. ती बाजार ठरवेल, विज्ञान नव्हे. विज्ञान एवढंच सांगेल की हे खरोखर घडलं का आणि कसं घडलं.

मामाचे पैसे परत आले नाहीत. पोलिसांत तक्रार दिली आहे. मी त्याला भिंग आणि दोन दशांश स्थळांपर्यंत मोजणारा छोटा काटा पाठवला. गेल्या दोन रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही तो बिस्किटांचा डबा पुन्हा ओतला. एकेक नाणं तो दिव्याखाली धरायचा आणि मी काही बोलायच्या आधी स्वतःच निकाल द्यायचा: "खोल आहे. बाहेरचा मार." "ही थरथर." "हे रुळावरचं, मीच ठेवलं होतं."

मग गेंड्याचे चार आणे आले, पोलादी पंचवीस पैसे. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी. मामाने ते काट्यावर ठेवलं. नेहमीच्या सुमारे २.८ ग्रॅमपेक्षा कमी भरलं. मग त्याने नाणं हळूच फिरवलं, भिंग समोरच्या कडेवर नेलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"इथली कड बसलीय गं," तो म्हणाला. "ही त्यांचीच चूक."

विकलं तर त्याचे काहीशे रुपये येतील. मामा विकणार नाही म्हणतो. आता शेजारच्या दोन पोरांना तो रविवारी भिंग धरायला शिकवतोय.